स्विच दुसऱ्यानं दाबायचा

बोर्ड तयार आहे आणि स्विच दाबणारा माणूस मातीत आहे.

सायमन शनिवारी पहाटे गेला. देवळाली प्रवराला, स्वतःच्या घरात, झोपेत.

ग्रुपवर कुणीतरी 'जुने रेडिओ मेकॅनिक' असं लिहिलंय. चूक आहे. रेडिओ तो पोटासाठी उघडायचा. त्याचा जीव पॉवर सप्लायमध्ये होता. वीज येते कशी, यंत्राला पोचते कशी, मधे कुठे मार खाते, एवढंच त्याला बघायचं असायचं.

आमची दोस्ती एकाहत्तर-बहात्तरची. संगमनेरला स्टँडमागे दोघांत मिळून टपरीएवढं दुकान. तेव्हा ट्रान्झिस्टर घरोघर शिरत होते, पण सेल टिकायचे नाहीत. म्हणून आम्ही बॅटरी एलिमिनेटर बनवायचो. भिंतीतली वीज घ्यायची, सहा व्होल्टवर आणायची, रेडिओला द्यायची.

ऐकायला सोपं आहे.

पण खेड्यात विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की दिवा पिवळा पडायचा, आणि बंद झाल्या की डोळे दिपायचे. रेडिओला मात्र दोन्ही वेळी सहाच हवेत.

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे येतं ते पुस्तकं वाचून आणि बोटं भाजून आलेलं आहे, आणि हे मी अभिमानानं सांगतो. सायमनही तसलाच.

एकदा त्यानं एक एलिमिनेटर बनवला. सोल्डरिंग बघत राहावं असं. जोडणी तीनदा तपासली आणि स्वतःच स्विच दाबला.

फाट्!

मोठा कपॅसिटर उलटा लागला होता. प्लसच्या जागी मायनस. फुटला, आणि आतला कागद आणि चंदेरी पत्र्याचे तुकडे याच्या डोक्यावर.

"अक्षता पडल्या," मी म्हणालो. "लागलं तुझं लग्न."

"आमच्यात न्हाई पडत अक्षता," तो केस झाडत म्हणाला. मग एकदम चिडला. "आरं, तीन येळा तपासलं हुतं मी!"

"तूच तपासलंस ना? तुला जे लावायचं होतं तेच दिसणार तुला."

तो जळका कपॅसिटर हातात फिरवत होता.

"मंग असं करू दत्त्या. ज्यानं बनवलं त्यानं स्विच दाबायचा न्हाई."

तो आमचा कायदा झाला. एकानं बनवायचं. दुसऱ्यानं तपासायचं आणि दुसऱ्यानंच स्विच दाबायचा. तोवर बनवणाऱ्यानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.

भिंतीकडे का, तर माझं तोंड बघितलं की त्याला चूक दिसेनाशी व्हायची म्हणे. "लई खात्री असती तुझ्या तोंडावर."

मी पाठ करून उभा. मागे स्विचचा खटका. मग त्याचा आवाज, "सहा."

किंवा नुसतंच, "हं. ये हिकडं."

म्हणजे चूक.

दुकान पुढे बंद पडलं. तो देवळालीला गेला, मी इथेच राहिलो. एलिमिनेटरचे दिवस गेले. मी शिकत शिकत मायक्रोकंट्रोलर चिपच्या बोर्डांवर आलो, दूध संकलन केंद्रांवरच्या वजनकाट्यांसाठी. प्रत्येक नवा बोर्ड पिशवीत घालून एसटीनं देवळालीला न्यायचो.

चिपमधलं त्याला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

"ती काय हिशेब करती ते तू बघ. तिला खायला काय घालतो ते मला दाखव."

आणि मग ठरलेला प्रश्न. "मोटारी चालू झाल्यावर काय?"

या बोर्डात मी त्याचं उत्तर आधीच घालून ठेवलं होतं. ट्रान्सफॉर्मर नऊऐवजी बारा व्होल्टचा, म्हणजे लाइन दोनशेतीसवरून एकशेसत्तरला आली तरी चिपला कायम पाच व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरला पुरेल. लाइन चढली तर तोच रेग्युलेटर तापणार, म्हणून उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक मोठा. आणि व्होल्टेज फारच पडलं तर चिप चुकीचं वजन न दाखवता थांबून राहील.

गेल्या आठवड्यात फोन केला. "बोर्ड झालाय."

"कणकण हाय जरा. रविवारी आण."

रविवारी गेलो. माती द्यायला.

बोर्ड पिशवीत होता. का नेला, मला सांगता येणार नाही.

मार्थावहिनींनी पिशवीकडे पाहिलं. "आणलाय व्हय भावजी? शुक्रवारीच टेबल पुसून ठिवलं हुतं त्यांनी."



केंद्राचे लोक काट्यासाठी खोळंबलेत. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, सिरीज लॅम्प लावा आणि करा चालू. त्याला दुसरा माणूस कशाला हवा?"

बरोबर आहे त्याचं. सिरीज लॅम्प मीच शिकवलाय त्याला. कुठे शॉर्ट असला तर बल्ब भगभगीत पेटतो आणि बोर्ड वाचतो. माणूस लागत नाही.

आज दुपारी लावला. जोडणी तपासली. परत तपासली. सगळं बरोबर दिसलं. मला सगळं बरोबरच दिसणार होतं.

मग दाबला.

माझ्याच बोर्डाचा आकडा मीटरवर चढताना मी आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. एवढी वर्षं तो मी नुसता ऐकत आलो होतो.

पाच व्होल्ट. हलत नव्हता.

"पाच," मी मोठ्यानं म्हणालो.

भिंतीपाशी कुणी नव्हतं.

सायमन, पाच आले रे. नीज आता.