बाईच्या खोलीतला वेल

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही घरात बाई म्हणत असू. लग्नानंतर दीड वर्षात तिचा नवरा तापानं गेला आणि ती एटापल्लीला आमच्याकडे परत आली. ती अठराची होती, मी दहाची. बाबा जंगल खात्यात मुनशी होते आणि आम्ही रेंजच्या कौलारू क्वार्टरात राहत होतो. मोठे काका तिला पोचवायला आले होते. जाताना ते मायला सांगून गेले की पोरीनं वर्षभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि फुलाला तर हातच लावायचा नाही. मायनं मान हलवली. मागची खोली बाईला दिली. तिला एकच खिडकी होती आणि खिडकीला लागूनच बांबूचं बेट, त्यामुळे भर दुपारीही आत सावळं असायचं.

डाकबंगल्याच्या खानसाम्याची बायको, आमची चाची, मायकडे नेहमी यायची. एकदा ती औषधाच्या बाटलीत दोन पानांची एक फांदी घेऊन आली. बंगल्याच्या व्हरांड्यात कुण्या जुन्या साहेबानं लावलेला वेल होता, त्यातली. आज सगळे त्याला मनीप्लांट म्हणतात. आम्ही नुसतं वेल म्हणायचो. माय खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. चाची म्हणाली, "याले फूल येतच नाई, वहिनी. कोणी काय म्हणन?" मायनं एका पानाला बोट लावून पाहिलं. मग बाजूला झाली.

बाईनं तो वेल जगवला. तिसऱ्या दिवशी पाणी बदलायची, तेही रात्रभर माठात निवलेलं. बाटलीत पांढरी मुळं सुटली तेव्हा तिनं मला हाक मारून दाखवली. पुढं नदीकाठची रेती आणि शेणखत मिसळून मी एक डबा भरून दिला, तिनं त्याला खिळ्यानं खाली भोकं पाडली. बोट मातीत खुपसून पाहायची, कोरडं लागलं तरच पाणी. ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची, खालून हात धरून, बाळाचं तोंड पुसावं तसं. वेल वाढला तशी ती भिंतीला सुतळी बांधत गेली. वर्ष उलटलं तेव्हा तो खिडकीवरून वळून तिच्या अंथरुणापर्यंत आला होता. तिला आता बाहेर ये, असं मात्र कोणी म्हटलं नाही. तीही आली नाही.

ती चौथी शिकलेली होती, माझा अभ्यास तीच घ्यायची. माझ्या वहीतली शुद्धलेखनाची पहिली ओळ ती लिहून द्यायची, खाली मी गिरवायची. शाळेतल्या गुरुजींनी एक दिवस विचारलं, हे अक्षर कोणाचं. मी सांगितलं. गुरुजी आर्वीकडचे, एकटे राहायचे. त्यांची बायको बाळंतपणात गेली होती. त्यानंतर ते माझ्यासोबत बाईसाठी पुस्तकं पाठवू लागले. पुस्तक आलं की ती वेलाखाली बसून वाचायची आणि त्या दिवशी जेवताना दोन शब्द जास्त बोलायची.

मग एकदा पुस्तकाऐवजी त्यांनी घडी घातलेला कागद दिला. म्हणाले, "हे बाईच्याच हातात दे."

मी वाटेत तो उघडला नाही. पण मला कळलं होतं, दहा-अकरा वर्षांच्या पोरीला जेवढं कळतं तेवढं. बाई पुन्हा निघून जाईल आणि मी एकटी पडेन, एवढंच माझ्या मनात होतं. घरी आले तर माय चुलीशी होती. तिनं काही विचारलं नव्हतं. मीच कागद तिच्या हातात ठेवला आणि कोणी दिला ते सांगितलं. मायला वाचता येत नव्हतं. तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि चुलीत घातला.

पुस्तकं थांबली. उन्हाळ्यात गुरुजींची बदली झाली. ते गेल्यावर मला राहवेना. बाई पानं पुसत होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला. रागावली नाही.

"काय लिवलं होतं त्यात?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, मी वाचलं नाही.

"आन् मायनं?"

"तिले कुठी येते वाचता?"

तिनं पुढचं पान हातात घेतलं. ते तिनं कितीतरी वेळ पुसलं.

त्याच पावसाळ्यात तिला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी लघवी काळी झाली. बाबांनी सागवानाच्या ट्रकमध्ये तिला निजवून चांद्याच्या दवाखान्याकडे नेलं, माय सोबत गेली. आष्टीला वैनगंगेला पूर होता, पैलतीराला नेणारा डोंगा बंद. दोन दिवस ते काठावरच्या एका पडवीत थांबले. बाई तिथंच गेली.

मी चाचीकडे होते. रोज घरी जाऊन वेलाला पाणी घालायची, डबा भरून वाहेपर्यंत. मला वाटायचं, जास्त घातलं की बाई लवकर बरी होईल. माय परत आली तेव्हा पानं पिवळी पडली होती आणि मातीला वास येत होता. दुसऱ्या दिवशी तिनं सगळा वेल भिंतीवरून उतरवला, सडलेली मुळं काढून टाकली आणि एक हिरवा तुकडा पेराखाली कापून बाटलीत ठेवला. बाई कसं करायची ते तिनं दारातून पाहिलं असणार. तो जगला. पुढं माय त्याला कोणाला हात लावू देत नसे.

खूप दिवसांनी ती पानं पुसता पुसता मला म्हणाली, "थो कागद तुनं कोणाकडून वाचून घेतला होता का?"

मी नाही म्हणाले.

"घ्याले पाह्यजे होता," ती म्हणाली आणि पुसत राहिली.

गुरुजींची बदली कुठं झाली ते आम्हाला कधी कळलं नाही. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते वारेपर्यंत आम्ही दोघींनी सांगितलं नाही.