मिठाचं मोल

धीर हा विज्ञानाचा पाया आहे, असं शाळांच्या भिंतींवर लिहिलेलं असतं. धुळे-जळगाव बसमध्ये माझ्या शेजारची मुलगी रसायनशास्त्राच्या फेरपरीक्षेला निघाली होती आणि नखं खात होती. या वेळी नापास झाली तर कॉलेज बंद, हे तिनं न विचारताच सांगितलं. मांडीवरच्या वहीत प्रत्येक गणितात ती आधी एककं लिहून एकमेकांत खोडायची, आकडे मागून.

“आकड्यांची भीती वाटते,” ती म्हणाली. मग पुटपुटली, “किती मोल?” मोल हे रसायनातलं माप.

“कसानं मोल, बेटा?” पुढच्या सीटवरच्या आजीनं विचारलं.

“मिठाचं, आजी.”

“मीठ तं सस्तं शे. इतली काय घाबरस?”

मुलगी हसली नाही. जळगाव येईपर्यंत उत्तर बरोबर निघालं. खाली उतरताच तिला उलटी झाली.