सीताअशोकाची पट्टी

झाडाला नावाची पट्टी बांधण्याआधी जिज्जी खोडावर नखाने टकटक करत, त्याचं नाव आणि क्रमांक उच्चारत आणि विचारत, "ऐकलंस ना?" मग खोडाला कान लावून थांबत. समाधान झालं तरच तार गुंडाळत. नाही झालं, तर पट्टी पदराच्या टोकाला बांधत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

झाशीतल्या आमच्या सरकारी बागेत ठिकठिकाणांहून आणलेली झाडं होती. पत्र्यावर अक्षरांचे ठसे हातोडीने ठोकून जिज्जी त्यांच्या पट्ट्या बनवत. मी नोंदी ठेवणारा कारकून. थोरल्या बहिणीला इकडे जिज्जी म्हणतात. माळी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. बागेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्या ओरछा गेटजवळच्या बोळात एकट्या राहत, मी नगरा मोहल्ल्यात.

झाड काय म्हणालं, असं विचारून माळी त्यांची थट्टा करत. "काय जिज्जी, का कई पेड़ ने?"

"कह रहा है, इस बीड़ीवाले को दूर हटाओ," जिज्जी वर न बघता म्हणत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो, आणि त्यांच्यासमोर खोटं बोलताना मात्र नजर चुकवतो.

त्यांचा एक नियम होता. झाड मेलं की त्याची पट्टी काढून अवजारांच्या खोलीतल्या तारेवर टांगायची. तो क्रमांक पुन्हा कुणालाही द्यायचा नाही. तसा नियम कागदावरही होता, पण जिज्जींचं कारण वेगळं. "भैया, मेलेल्याचं नाव जित्याला दिलं, तर ते जितं कुणाच्या हाकेला ओ देणार?" खोलीत वारा शिरला की त्या पट्ट्या एकमेकींवर वाजत. जिज्जी लगेच म्हणत, "हो, हो, आहे लक्षात."

एका जेठात, ऐन उन्हाळ्यात, त्या भाचीच्या लग्नाला ग्वाल्हेरला गेल्या. जाताना सांगून गेल्या, "भैया, सीताअशोकाला रोज संध्याकाळी पाणी सोडायला लावा. कोवळा आहे, लूची झळ सोसणार नाही." तो सीताअशोक एका बड्या पाहुण्याने स्वतःच्या हाताने लावला होता. मी विसरलो. आठवण झाली तेव्हा पूर्वेकडची फांदी करपून काळी पडली होती, आणि पुढे सगळं झाडच गेलं.

तपासणी तोंडावर होती. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी बरुआसागरच्या रोपवाटिकेतून तेवढ्याच उंचीचा सीताअशोक आणला. भर दुपारी, लूमध्ये बागेत चिटपाखरू नसताना, मेलेलं झाड उपटून त्याच खड्ड्यात नवं लावलं आणि जुनीच पट्टी बांधली. तार पिळताना हात भाजला. चोहीकडे शांतता होती, आणि बंद खोलीत पट्ट्या वाजत होत्या. वारा नव्हता, असं मला आजही वाटतं. पण मी घाबरलेला होतो; माझ्या वाटण्यावर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा.

जिज्जी परतल्या. सीताअशोकापाशी गेल्या, टकटक केली, कान लावला. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हा ओ देत नाही, भैया."

"उन्हाने मलूल झाला असेल."

"मलूल झालेलाही ओ देतो."

त्या सरळ साहेबांकडे गेल्या. "साहब, पेड़ बदल दिया गया है."

"किसने बदला?"

"जिसने बदला है, वह ख़ुद बताएगा."

मी दारातच उभा होतो. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "पेड़ वही है, साहब. जिज्जी आजकल पेड़ों से बातें करती हैं, कान लगाकर जवाब सुनती हैं. सब मालियों से पूछ लीजिए." यातला एकही शब्द खोटा नव्हता, पहिलं वाक्य सोडून. माळ्यांनीही हसत माना डोलावल्या. रोजंदारीच्या बाईला काढायला कागदही लागत नाही.

जाताना त्या अवजारांच्या खोलीत गेल्या आणि मेलेल्यांच्या तारेवर पट्टी टांगायचा एक मोकळा आकडा अडकवून आल्या. "हा कुणाचा?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मला कधी भैया म्हणाल्या नाहीत.

पण बागेत येत राहिल्या. रविवारी तिकीट काढून येत आणि सीताअशोकाजवळ बसत. एकदा मी मेंदीच्या कुंपणाआडून ऐकलं. खोडावर हात ठेवून त्या लेकराला समजवावं तसं सांगत होत्या, "तू तो नाहीस. कुणी काही म्हणो, तू तो नाहीस."

त्या झाडाला मी पाण्याची कधी उणीव पडू दिली नाही. तरी दर जेठात त्याची पूर्वेकडची फांदी करपे. फक्त तीच. पावसात पुन्हा फुटे.

पुढे जिज्जी यायच्या थांबल्या. त्या गेल्याचं एका माळ्याकडून कळलं, तेही क्रियाकर्म उरकल्यावर. ओरछा गेटच्या बोळात अजून त्यांना 'वो पगली पंडिताइन' म्हणतात. मी लिहायला बसलो तो एवढ्यासाठी. जिज्जी वेड्या नव्हत्या. झाड बदललं होतं. मी बदललं होतं.

गेल्या महिन्यात काठी टेकत जाऊन नव्या साहेबांना सगळं सांगितलं. तरुण आहेत, भले आहेत. मला पाणी दिलं. "कौन जिज्जी, बाबूजी? पेड़ तो हरा है न? चलिए, आपका मन है तो नई पट्टी लगा दीजिए."

नवा क्रमांक घेतला. ठसे हातोडीने ठोकून मी स्वतः पट्टी केली. अक्षरं वाकडी आली. जुनी पट्टी मोकळ्या आकड्यावर टांगायची होती. पण खोड आता कवेत मावत नाही, आणि पट्टी त्यावर नव्हतीच. तार दरवर्षी सैल करावी लागते. ते काम जिज्जींचं होतं, त्यांच्यानंतर कुणी केलं नाही. झाडाने तारेसकट पट्टी गिळली होती. सालीच्या दुमडीत पत्र्याची गंजलेली कड तेवढी दिसत होती, मिटलेल्या ओठांमधून दात दिसावा तशी.

मी नखाने टकटक केली. नवा क्रमांक उच्चारला. "तू तो नाहीस. ऐकलंस ना?" कान लावला. काही नाही.

मग हात त्या दुमडीपाशी गेला, आणि जुन्या सवयीने तोंडातून जुना क्रमांक निघाला. टकटक केली.

आत, खोडाच्या पोटात, पत्रा वाजला.

नवी पट्टी मी रुमालाच्या टोकाला बांधली. उद्या पुन्हा जाणार आहे.