मामाच्या मांडीची अट

आमच्या मुलाला पाचवं वर्ष लागलं तेव्हा त्याची वेणी कमरेपर्यंत आली होती. याला जबाबदार मी होतो.

एरवी मी देवाधर्माच्या बाबतीत कोरडा माणूस. सत्यनारायणाला जातो तो शिऱ्यासाठी, आणि ते लपवतही नाही. पण मुलगा आठ महिन्यांचा असताना जुलाबांनी पार सुकला. दवाखान्यात डॉक्टर "बघू" म्हणून पुढच्या खाटेकडे गेले, तेव्हा व्हरांड्यात उभं राहून मी नवस बोललो. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत असे. मागणी मोघम लिहिली की माल चुकीचा येतो, हा रोजचा अनुभव. त्यामुळे देवालाही मी सगळा तपशील दिला. याचं जावळ वेळणेश्वराच्या दारात काढीन, विषम वर्षात काढीन, सख्ख्या मामाच्या मांडीवर बसवून काढीन, आणि तोवर केसांना कात्री लावणार नाही. चौथ्या दिवशी मुलगा दुधासाठी रडू लागला. हे सलाइनमुळे झालं की नवसामुळे, हा वाद मी कोणाशी घातला नाही. स्वतःशीही नाही.

तपशील देताना एकच गोष्ट डोक्यातून गेली. मामा बोटीवर होता.

बायकोला भाऊ एकच, आणि तो मालवाहू बोटीवर नोकरीला. दीड-दोन वर्षांनी एकदा घरी यायचा, आणि आला की मुलाला नेमकं सम वर्ष चालू असायचं. दुसरं चालू असताना आला. चौथं चालू असताना आला. येताना सेंटच्या बाटल्या आणि न उमगणाऱ्या भाषेतली चॉकलेटं आणायचा, भाच्याला मांडीवर घेऊन त्याचे केस कुरवाळायचा आणि म्हणायचा, "दाजी, आत्ता उरकून टाकू की! कोण बघतंय?" कोण बघतंय हाच तर प्रश्न होता. पहिल्या आणि तिसऱ्या वर्षी तो कुठल्या तरी समुद्रात होता.

दरम्यान केस वाढत होते. आमची मुलगी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. तिला आयती बाहुली मिळाली होती. शाळेतून आली की ती भावाला पाटावर बसवून त्याची कधी एक, कधी दोन वेण्या घालायची, वर अबोलीचा वळेसर माळायची. तोही बसायचा. जगात सगळ्याच मुलांचं असं होतं, असं त्याला वाटत असावं.

ते वाटणं जूनमध्ये संपलं. त्याला बालवाडीत घातलं. आमच्या आळीतली ती बालवाडी त्या वर्षी नव्या जागेत गेली होती, म्हणून पहिल्याच दिवशी उद्‌घाटन ठेवलेलं. पाहुणे म्हणून एक पुढारी आले. मुलं दहाला बसली, पुढारी बारानंतर आले, आणि उशीर झाल्यामुळे थोडक्यात बोलतो असं सांगून पाऊण तास बोलले. विषय स्त्रीशिक्षण. बोलता बोलता ते खाली वाकले, समोरच्या रांगेतून दोन वेण्यांचं एक पोर उचललं आणि सभेला दाखवत म्हणाले, "ही चिमुरडी उद्या कलेक्टर होईल!" टाळ्या पडल्या. फोटो निघाला. ती चिमुरडी आमची होती. मी मागे उभा होतो. हात वर करून दुरुस्ती सुचवावी का, असा विचार केला, पण पुढाऱ्याला मध्येच थांबवलं तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, या भीतीने गप्प राहिलो.

घरी आल्यावर मुलगा जेवला नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन त्याने विचारलं, "बाबा, मी मोठेपणी मुलगी होणार?"

"नाही रे. कोण म्हणालं?"

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

दुसऱ्या दिवशी त्याने खांबाला मिठी मारली आणि बालवाडीत जायला नकार दिला. तिसऱ्या दिवशीही. बाईंनी निरोप पाठवला, त्यांनी त्याला मुलींच्या रांगेत बसवलं होतं, चूक झाली, पाठवा. तो गेला नाही.

मामाचं पत्र आलं ते त्याच आठवड्यात. दिवाळीला येतो म्हणाला. मुलाचं पाचवं श्रावणात संपत होतं. दिवाळी सहाव्यात, म्हणजे सम. सातव्यापर्यंत थांबलो असतो तर केस गुडघ्याला लागले असते.

तोड काढली बायकोने. पेटीच्या तळातून तिने भावाची बेलबॉटम पँट काढली. मागच्या वेळी तो विसरून गेला होता.

"पूर्वी नवरदेव लढाईवर असला तर त्याच्या तलवारीशी लग्न लावत ना?" ती म्हणाली. "मग ही पँट घाला, याला मांडीवर घ्या आणि मोकळे व्हा."

"मी? मी बाप आहे."

"मांडी मामाची हवी असं बोलला होतात ना? मग आत कोण आहे ते देव कशाला बघतोय!"

पावसामुळे जयगडची खाडी ओलांडणारी होडी बंद होती. चिपळूण, गुहागर असा वळसा घालत दोन एसट्या बदलून आम्ही चौघं वेळणेश्वराला पोचलो. देवळाच्या पडवीत मी पँट चढवली. मेव्हणा सहा फुटी. पायाच्या चार घड्या घातल्या, कमरेला सुतळी बांधली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही पोत्यात पाय घालून पळायच्या शर्यतीला आलायत असं वाटतंय."

मी गुरवाला सगळी हकिकत सांगितली. त्याने पँटीचं कापड चिमटीत धरून पाहिलं.

"फॉरेनचा दिसता."

"मामाचीच आहे."

"मंग झाला की! मामाच बसला समजा," तो म्हणाला आणि न्हाव्याला हाक मारली.

मी मांडी घालून बसलो. मुलाला बोलावलं. तो जागचा हलला नाही.

"तुम्ही मामा नाही."

"पँट त्याची आहे बाळा," बायको म्हणाली.

"पण मामा नाही." त्याने आईचा पदर धरला. "आई म्हणते मी आजारी होतो, देवाने परत दिलं. मग खोटा मामा केला तर देव मला परत नेईल."

न्हावी वस्तरा हातात धरून थांबला. गुरव दुसरीकडे बघू लागला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. देव आहे की नाही, असला तर त्याला मेव्हण्याच्या पँटीशी काय करायचंय, यावर मी एरवी तासभर बोललो असतो. त्या वेळी त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं.

"नवस कोण बोललं होतं?" मी विचारलं.

"तुम्ही."

"तू बोलला होतास?"

"मी लहान होतो."

"मग चुकलं तर देव कोणाला विचारील?"

तो विचार करू लागला.

"तुम्हाला," तो म्हणाला.

"मलाच. तुला काही विचारणार नाही."

"आणि तुम्हाला नेलं तर?"

"मी घोरतो. दोन दिवसांत परत पाठवील."

तो हसला नाही. पण आला. मांडीवर बसून त्याने माझा अंगठा दोन्ही मुठींत धरला आणि डोळे मिटले. मीही मनातल्या मनात देवाला हात जोडले, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. पहिली वेणी खाली पडली तेव्हा रडली फक्त मुलगी. तिने ती उचलून पदरात घ्यावी तशी फ्रॉकमध्ये घेतली.

दोन दिवसांनी मुलगा आपणहून बालवाडीत गेला. बाईंनी त्याला मुलांच्या रांगेत बसवलं. शेजारच्या मुलाने त्याच्या चकोट डोक्यावर टपली मारली, मग मागच्याने मारली, मग रांगेतल्या सगळ्यांनी पाळीपाळीने मारली. घरी येऊन तो हे आम्हाला तीनदा सांगत होता, दर वेळी टपल्यांचा आकडा वाढवून, आणि मधल्या वेळात दुसऱ्यांदा आमटीभात मागत होता.