पट्ट्यावरचे दोन बाण

सुंदररावांनी मला फसवलं. गेल्या महिन्यात ते गेले, तरी हे वाक्य मी गिळणार नाही.

माझं चेन्नईत अंबत्तूरला लहानसं वर्कशॉप आहे. इचलकरंजीहून आलो तेव्हा जवळ आयटीआयच्या दाखल्याशिवाय काही नव्हतं. आज माझ्या कामाला नावं ठेवणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो. सुंदरराव तंजावरकडचे मराठी, निवृत्त इंजिनिअर. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी एमआरआय काढताना शरीरातला संकेत टिपणारी कॉइल पूर्वी गुदद्वारातून आत घालत. "लाजेनं माणसं येतच नाहीत ओ. येतात तेव्हा उशीर झालेला," ते म्हणायचे. त्यांना कमरेला गुंडाळायचा मऊ पट्टा हवा होता. आखणी त्यांची, जोडकाम माझं. अड्यारच्या स्कॅन सेंटरमध्ये चाचणी आधी पाण्याच्या बाटलीवर, मग त्यांच्याच कमरेवर.

पहिला पट्टा परत आला. कमरेच्या चित्रात काळा डाग दिसतोय, म्हणाले, जोडकामात खोट असेल.

"माझ्या? चष्मा बदला, सार!"

"पोरुमै, भाऊ... धीर धरा."

दुसरा केला. डाग तिथंच. महिनोन्महिने खपून तिसरा केला, तेव्हाही तेच. मी टेबलावर हात आपटला. "उलटा बांधून बघा! डाग हलला तर खोट माझी. नाही हलला तर पट्ट्याची नाही!" ते पट्ट्यावरून नुसता हात फिरवत राहिले... मग म्हणाले, "कॉफी सांगा की." वर मीच चिडून दोन दिवस त्यांचा फोन घेतला नाही.

ते गेल्यावर स्कॅन सेंटरमधलं मशीन चालवणारी सेल्वी तिसरा पट्टा परत द्यायला आली. "सारांनी पहिल्याच दिवशी उलटा बांधायला लावला होता," ती तमिळमध्ये म्हणाली. "डाग हलला नाही, म्हणजे तो त्यांच्या अंगातलाच. डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणायचे, भाऊचा पुढचा पट्टा येऊ दे, मग बघू."

तिन्ही पट्टे आता माझ्या टेबलावर आहेत. प्रत्येकावर त्यांच्या पेन्सिलीचे दोन बाण, एक वर, एक खाली. परत आलेल्या पट्ट्यांवर मी ते पाहिले होते. वाटलं, वरची बाजू कुठली ते म्हातारा विसरतो...

खोट माझीच निघावी, असं वाटत होतं ना तुम्हाला? मग तसं सांगायचं होतं. जन्मात पहिल्यांदा मी ती पदरात घेतली असती, आणि तुम्हाला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं असतं. माझ्या पुढच्या पट्ट्याची वाट का पाहिलीत? उत्तर द्या, सुंदरराव.