सरांना 'तू' म्हणणारी वल्लरी

इंदुरात फुटबॉल खेळून नाव काढायचं म्हणजे सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन वरणभात मागायचा. लोक आधी वळून बघतात, मग हसतात. आमच्या राजेंद्र नगरच्या देवदत्त मुळ्यांनी ते हसणं मनावर घेतलं नाही. कोलकात्यात आणि पुढे गोव्यात ते बचावपटू म्हणून पगारावर खेळले. कोलकात्याची गॅलरी 'देबूदा, देबूदा' ओरडायची म्हणे. मग गुडघा गेला आणि देबूदा आईकडे परत आले.

लग्न राहूनच गेलं. ऐन वयात पायाला भिंगरी, नंतर पायच अधू. आई मात्र होती. "देवा, ए देवा, जेवायला ये रे!" ही तिची हाक आम्हालाही ऐकू यायची. ती गेली आणि देवदत्तरावांना अरेतुरे करणारं कुणी उरलं नाही. चौकात ते 'भिया', म्हणजे इंदुरी भैया, दुकानात 'मुळ्येजी', मी वयानं लहान म्हणून मला 'देवदत्तराव'. मान चिक्कार, पण त्यांच्याकडे चहाला गेलं की ते घर खायला उठायचं. एकदा म्हणाले, "सगळे इज्जत देतात यार, पण आपलं कोणी वाटत नाही. एकदा तरी कोणी तू म्हणावं."

पुढे त्यांनी कॉलनीच्या मैदानावर मुलींना फुकट फुटबॉल शिकवायला घेतला. पोलोग्राउंडच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या मुली येऊ लागल्या. कुणाला बूट आणून दे, कुणाच्या वडिलांची समजूत काढ, सगळं हेच करायचे. शहाणे म्हणाले, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या! त्या मुलींतल्या दोघी राज्याच्या संघात निवडल्या गेल्या, तेव्हा तेच शहाणे फोटोत पुढे. मुली जीव लावायच्या, पण हिंदीत आणि अदबीनं: "सर, आप."

गेल्या वर्षी वल्लरी आली. मराठी घरातली, चौथीतली. घरी आईवडील हिंदीत बोलतात, मराठी फक्त आजीशी. आणि आजीला आपण सगळेच 'तू' म्हणतो. त्यामुळे या पोरीच्या मराठीत 'तुम्ही' नव्हतंच. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "ए सर, तू बस ना जरा. तुझा घुटना दुखतोय ना?"

मी तिथेच बाकावर होतो. देवदत्तराव गपकन बसले. डोळ्यांत काय गेलं कोण जाणे, रुमाल काढून पुसत राहिले. घरी येताना मला बजावलं, "तिला कोणी टोकू नका हं." मग रोज ती येईपर्यंत त्यांचं लक्ष फाटकाकडे. असा लोभ मी त्यांना कधी कशाचा पाहिला नव्हता.

गुरुपौर्णिमेला वल्लरीची आई, सुरभी, पेढे घेऊन मैदानावर आली. लेकीचं "तू खा ना सर" ऐकून बिचारी लाजेनं अर्धी झाली.

"सॉरी सर! आमची मराठी एकदम बिगडली आहे."

"राहू द्या हो, मला चालतं. उलट..." देवदत्तराव अडखळले. उलट काय, ते कुठल्या तोंडानं सांगणार?

"नाही नाही सर, मॅनर्स तर आलेच पाहिजेत!"

सुरभीचं चुकलं असं कसं म्हणू? पण मला तिचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी वल्लरी सरांपुढे ताठ उभी राहिली. पाठ केलेलं म्हणाली, "सर, आपण कसे आहात?"

देवदत्तराव दुखऱ्या गुडघ्यावर वाकले. "वल्लू, तू मला तूच म्हण ना. मला आवडतं."

तिनं थोडा विचार केला.

"नाही सर. मम्मी बोलली, तू फक्त घरच्यांना म्हणायचं. आपण घरचे नाही ना."

"बरोबर आहे," देवदत्तराव म्हणाले. शिट्टी वाजवायला त्यांना जरा वेळ लागला.