सेमिसीच्या ग्रुपवरची शांतता

सेमिसी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. व्हावाऊ बेटांवरच्या आमच्या गावात कुठली होडी बाहेर आहे, कुठली अजून परतली नाही, हे सगळ्यांत आधी त्याला कळतं. ही खबरबात बरीच वर्षं एका बड्या चॅट ॲपवर चालायची, कारण सगळे तिथंच होते.

मग समुद्राखालची केबल तुटली. त्याच दुपारी सेमिसीचा मेहुणा मोआले परतला नाही. त्याची बायको लाविनिया, म्हणजे सेमिसीची थोरली बहीण, प्रत्येकाला 'होडी दिसली का?' असं विचारत होती. पण समोरच्या घरात जाणारा मेसेजसुद्धा आधी परदेशी जायचा, आणि तो रस्ताच बंद होता. मोआले शेजारच्या बेटावर सुखरूप होता. 'इंजिन बिघडलंय, इथंच झोपतो,' असं त्यानं लिहिलंही होतं. ते पोचलं केबल जोडल्यावर. तोवर तो स्वतः घरी येऊन बायकोच्या शिव्या खाऊन मोकळा झाला होता.

सेमिसी दुसरं ॲप शोधू लागला. त्याचा नियम साधा होता. ज्या इंजिनाचं झाकण उघडता येत नाही, ते घ्यायचं नाही. पहिलं ॲप फुकट होतं, पण आत काय चालतं हे कुणालाच बघता येत नव्हतं. दुसऱ्याचा कोड खुला होता, पण ते बनवणारे केव्हाच सोडून गेले होते. तिसऱ्याचे लोक मात्र विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे, आणि ते गावातल्याच कॉम्प्युटरवर चालायचं. सेमिसीनं तो कॉम्प्युटर चर्चच्या सभागृहातल्या कपाटात बसवला, त्याला सोलरची जोड दिली आणि शेजारच्या बेटाकडे तोंड करून अँटेना लावली. कुणाचीही खबर चुकू नये म्हणून सगळ्या गावाला एकाच ग्रुपमध्ये घातलं.

कुणी काही लिहीनाच.

संध्याकाळी गावातले पुरुष कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय, प्यायला बसल्यावर त्यानं विषय काढला. "बिघडलंय का रे ते?"

"ते ठीक आहे," होडीवाला फेलेती म्हणाला. "तू तुझ्या ताईला आत घातलंयस."

"मग? वारा कसा आहे, एवढं लिहायला काय जातं तुमचं?"

"वारा लिहिला की त्याखाली हा शेजारी बसलेला पाउला काहीतरी वाह्यात लिहिणार. माझ्या दोन बहिणी आहेत त्यात. मी काय समुद्रात उडी मारू?"

आमच्याकडे मोठे झालेले भाऊ-बहीण एका खोलीत टीव्हीसुद्धा बघत नाहीत. बहिणीसमोर कुणी अचकटविचकट बोललं तर भाऊ उठून जातो. सेमिसीनं फोन काढून पाहिला. त्यानं स्वतःही ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी वारा वाढला. मोआले तरीही निघाला. थोड्या वेळानं ग्रुपवर दिसलं: 'लाविनिया ग्रुपमधून बाहेर पडली.' तिच्यामागोमाग बाकीच्या बहिणीही गेल्या. लगेच मेसेज धडाधड यायला लागले. कुठं लाटा उंच आहेत, कोण कुठं थांबलंय, आणि मधूनमधून पाउला.

"ज्या ताईसाठी एवढा खटाटोप केलास," सेमिसीची बायको कालो म्हणाली, "तीच बाहेर बसली. नवऱ्याची खबर तिला आता कोण देणार? पाउला?"

सेमिसीनं ॲप बनवणाऱ्यांना विचारलं, लिहायची जागाच काढून टाकता येईल का? कोड खुला होता. कुठं हात घालायचा ते त्यांनी सांगितलं, आणि त्यानं घातला. दुपारपर्यंत नवा ग्रुप तयार झाला. त्यात कुणालाच काही लिहिता येत नव्हतं. दोनच बटणं होती: 'निघालो' आणि 'पोचलो'. भाऊ-बहीण सगळे त्यात आले.

फेलेतीनं बंदरातून 'पोचलो' लागोपाठ चारदा दाबलं. त्यावर कुणाला काही बोलताच येईना.

मोआलेच्या नावानं 'पोचलो' अंधार पडायच्या सुमाराला आलं. लाविनियानं चुलीवरच्या अरवीखालचा जाळ कमी केला आणि कालोला फोन लावला.

"तुझ्या नवऱ्याला सांग," ती म्हणाली, "बटण चालतंय."